डिंकाचा ठिपका

सुनेने रंग चढवायचा आणि सासूने चौकोन चिकटवायचे, अशी त्या घरातली वाटणी होती. जाड कागदाच्या तावावर स्पंजने शाई घासत न्यायची, पिवळ्यातून केशरी, केशरीतून जांभळी, सांधा कुठे दिसता कामा नये. वर पानाफुलांचे ठसे उमटवायचे. मग तावाचे लहान चौकोन कापून, मध्ये जराशी फट ठेवत, त्याच क्रमाने ते शुभेच्छाकार्डावर बसवायचे. क्रम चुकला की भर संध्याकाळी मध्येच सकाळ उगवायची.

हल्ली ती रोजच उगवत होती. सासूबाईंची नजर अधू झाली होती, पण त्या कबूल करतील तर शपथ! सूनही मूग गिळून बसली होती. सासरे गेल्यापासून म्हातारी या टेबलाच्या आधारानेच उभी होती. तेच काढून कसं घ्यायचं? म्हणून दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की सून कार्डं पुढ्यात ओढायची, नखाने सगळे चौकोन उचलायची आणि भरपूर डिंक फासून पुन्हा लावायची. खांदे भरून यायचे, डोळे चुरचुरायचे. चौकोन पटकन सुटायचे, तेवढंच सुख. सासूबाई मधोमध एवढासा ठिपका लावायच्या. म्हातारपणी डिंकातही काटकसर, असं ती मनात म्हणायची.

परवा मात्र तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला. मरू दे, म्हणून तिने गठ्ठा होता तसाच दुकानात धाडला.

आज दुकानदार तो गठ्ठा घेऊन दारात उभा राहिला. "गिऱ्हाइकाच्या हातात चौकोन गळून पडले. पुन्हा असं झालं तर मी दुसरीकडून घेईन."

तो गेल्यावर सुनेने मन घट्ट केलं.

"आई, आता चिकटवायचं मी बघते. तुम्ही आराम करा."

टेबलाशी चौकोन लावणाऱ्या सासूबाईंचा हात जागीच थांबला. "परवाचे गळाले ना? तू उचलले नव्हतेस?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, आधी मीही भरपूर डिंक लावायची. मग एकदा माझी वेणी घालताना तुझं नख केसांत अडकलं. तुझा हात चाचपला, तर सगळी नखं तुटलेली, डिंकाने चिकट. तेव्हापासून ठिपकाच लावते, तुला सोपं जावं म्हणून. मला रंग दिसत नाहीत गं. सांगायचा धीर होईना. हे काम गेलं तर दिवसभर मी करू काय?"

सून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. इतक्या दिवसांचा शीण एकदम अंगावर आला. चिडावं की रडावं, तेही कळेना. तिने हात लांब करून एक चौकोन उचलला आणि सासूबाईंच्या तळहातावर ठेवला.

"हा पिवळा," ती म्हणाली. "डिंक भरपूर लावा."