सोमवारची सही

मित्रांनो, मी एक जुनी खाकी पिशवी आहे. दोन बंदांची, तळाशी दुहेरी शिवण असलेली. चिडणं माझ्या स्वभावात नाही. पिशवीने चिडून करायचं तरी काय? पण आज जे सांगणार आहे ते शांतपणे सांगणं मला जमणार नाही. तेवढं समजून घ्या.

एरंडोल तालुक्यातल्या एका लहानशा गावात हिलाल शिंप्यांनी मला शिवलं. शाळेच्या गणवेशाचं उरलेलं कापड होतं. ते त्यांनी कोकिळाबाईंसाठी बाजूला ठेवलं होतं, कारण कोकिळाबाई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायच्या आणि हिलालची नातवंडं ती खिचडी खाऊनच मोठी झाली होती. रोज सकाळी कांदे, मिरच्या, कोथिंबीर आणि घरच्या मसाल्याचा डबा माझ्यातून शाळेत जायचा. नऊ वर्षं हे चाललं. बाजारात बायका मला उलटीपालटी करून बघायच्या आणि म्हणायच्या, अशी शिवण आता कोण घालतं! मग एक चकचकीत नायलॉनची पिशवी घरात आली आणि मी दाराआडच्या खुंटीवर गेले. दोन वर्षं तिथेच धूळ खात होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे.

श्रावणातल्या एका सोमवारी शाळेतली खिचडी खाऊन बावीस मुलांना उलट्या झाल्या. जीपमध्ये घालून त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेलं. दोन दिवसांत सगळी बरी होऊन घरी आली, पण त्या दोन दिवसांत कोकिळाबाईंनी अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या तक्रारीवरून पंचायत समितीची कारणे दाखवा नोटीस त्यांच्या हातात पडली. स्वयंपाकात निष्काळजीपणा केला. सात दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर काम गेलं. गावाने तर सात दिवसही थांबायचे कष्ट घेतले नाहीत. नळावर बायका त्यांच्या हंड्याशेजारी आपला हंडा ठेवेनात.

"मी पोरेसले इख दिसू का वं?" पोरांना विष देईन का मी, असं विचारत कोकिळाबाई शेजारच्या पुष्पाबाईंजवळ रडल्या. "डाळ आधीच खराब व्हती. मी सरले सांगेल बी व्हतं."

ते खरं होतं. तूरडाळीच्या त्या पोत्याला दहा दिवस आधीपासून कुबट वास येत होता. त्यांनी मुख्याध्यापक योगराज सरांच्या कानावर घातलं होतं. पोतं बदललं नाही. आणि आता सर सगळ्यांना सांगत होते, मला कुणी काही बोललंच नव्हतं!

हेच सर दुसऱ्या दिवशी घरी आले. आवाज अगदी साखरेसारखा.

"कोकिळाताई, जळगावला आपल्या ओळखीचे मोठे वकील आहेत. त्यांना भेटा. ते सगळं मिटवून देतील."

नायलॉनच्या पिशवीचा बंद नेमका तेव्हाच तुटला होता, म्हणून मला खुंटीवरून काढलं. नोटीस, नेमणुकीचा कागद, आधार कार्ड, सगळं माझ्यात ठेवून त्या जळगावला गेल्या. तिथे दोन तास बाकावर बसल्या. आत बोलावल्यावर त्या वकिलांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काय घडलं, हेसुद्धा विचारलं नाही. पुढे केलेली नोटीस न वाचताच हाताखाली घेतली आणि टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला.

"इथे सही करा. चूक झाली, माफ करा, एवढंच लिहिलंय."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हो सर, बाई आल्यात. घेतो करून," ते म्हणाले.

कोकिळाबाईंनी उचललेलं पेन खाली ठेवलं. "साहेब, तुम्ही माझे वकील की योगराज सरांचे?"

ते हसले. "अहो, एकच ना ते!"

एकच? जिच्यावर आळ आला ती आणि ज्याने आळ घेतला तो, दोघं एकच? माझ्या शिवणी उसवतील की काय असं मला झालं. वर ते म्हणतात, मूळ कागद इथेच राहू द्या. कोकिळाबाईंनी नोटीस त्यांच्या हाताखालून ओढून घेतली, माझ्यात कोंबली आणि जिना उतरल्या. बसमध्ये मला त्यांनी छातीशी धरलं होतं.

पुष्पाबाई अंगणवाडीत काम करतात. त्यांच्याकडे एकदा कायद्याच्या माहितीचं शिबिर झालं होतं. तिथे आलेल्या वकील चेलना जैन यांचा नंबर त्यांनी जपून ठेवला होता. चेलनाताई एरंडोलच्याच, त्यांचे वडील तिथे कापड विकतात. फोनवर त्यांनी आधी विचारलं, समोरच्या बाजूला कोण कोण आहे? त्यांपैकी कुणाचंही काम आपण घेतलेलं नाही, याची खात्री झाल्यावरच त्या पुढे बोलल्या.

"बाईमाणसाला विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो, त्याचा अर्ज मी भरून घेईन. तुम्ही येण्याआधी एक काम करा. काय घडलं ते तारखेनुसार लिहून काढा. कोण हजर होतं तेही लिहा. आणि जे सांगायला अवघड वाटतं, ते आधी लिहा."

कोकिळाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. भर दुपारी ओसरीत बसून त्यांनी वहीची चार पानं भरली. शेवटची गोष्ट मात्र लिहिली, खोडली, परत लिहिली, परत खोडली.

"बठ्ठं सांग तिले," सगळं सांगायला पुष्पाबाईंनी दटावलं. "तिच्यापाशी लपाडशी, तं ती लढी कशी?"

चेलनाताईंनी चारही पानं शांतपणे वाचली. मग खोडलेल्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, "इथे काय होतं?"

कोकिळाबाई रडत म्हणाल्या, "त्या दिवशी माझा उपवास होता ताई. मुलांना वाढायच्या आधी चव घ्यायची असते. मी घेतली नाही. पण चव घेतल्याची नोंद करायच्या वहीत सही केली."

"आणि शिक्षकांपैकी कुणी चव घ्यायची असते?"

"योगराज सरांनी. त्यांनी पुढच्या आठवड्याच्या सगळ्या सह्या आधीच्या शनिवारीच करून ठेवल्या होत्या."

"तुमची चूक आहे. ती आपण आपल्या तोंडाने सांगायची," चेलनाताई म्हणाल्या. "हे मला चौकशीत समोरून कळलं असतं, तर मी तोंडघशी पडले असते. आता सांगा, पोतं खराब आहे हे सरांना कसं कळवलं? तोंडी?"

"तोंडी पण, आणि पोत्याचा फोटो पण पाठवला होता."

"मग फोटो कुठाय?"

कोकिळाबाईंनी पदराच्या टोकाने पुसून तडकलेल्या काचेचा फोन पुढे केला. किडलेली डाळ, पोत्यावरचा शिक्का, तारीख. आणि खाली सरांचं उत्तर: 'सध्या तेच वापरा. नवीन माल आल्यावर बघू.'

हा पुरावा आहे, हे त्या माउलीला माहीतच नव्हतं! ती कागद जपत बसली होती आणि खरा कागद तिच्या कमरेला खोचलेला होता. "फोन बदलू नका, यातलं काही पुसू नका," असं बजावून चेलनाताईंनी त्याच दिवशी उत्तर तयार केलं. त्यात उपवासही होता आणि फोटोही.

चौकशी चार महिने चालली. चव न घेतल्याबद्दल कोकिळाबाईंना समज मिळाली. विषबाधेचा ठपका पुसला गेला आणि त्यांना कामावर परत घ्यायचा आदेश निघाला. योगराज सरांची बदली झाली. चेलनाताईंच्या मागणीवरून, नव्या शाळेत जाण्याआधी तो आदेश सरांनाच पालकसभेत वाचून दाखवावा लागला. ते पुटपुटायला लागले, तशा मागून पुष्पाबाई ओरडल्या, "सर, ऐकू नही येत. मोठ्यानी वाचा!"

सरांनी मोठ्याने वाचलं. मी कोकिळाबाईंच्या मांडीवर होते. त्या रडल्या नाहीत. ताठ बसून ऐकत राहिल्या.

मित्रांनो, आपले कागद जपा. आपल्या वकिलाला खरं सांगा, आणि तो नक्की कुणाचा आहे, हे विचारायला लाजू नका. तुमच्यासाठी चुलीपुढे घाम गाळणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय दोष देऊ नका. पण माझा राग अजून गेलेला नाही. ज्या ठेकेदाराने ते पोतं पाठवलं, त्याला आजवर कुणी एका ओळीची नोटीस दिलेली नाही. त्याचा माल अजून येतो. मी पिशवी आहे, मला तक्रार लिहिता येत नाही. तुम्हाला येते.