बाजारची हळद

सयाजी गुरवाने उभ्या जन्मात देवाशी एकदाच लबाडी केली, आणि तीही गावाच्या भल्यासाठी.

सयाजी हा धामणवाडीच्या खंडोबाचा पुजारी. कुरुळीच्या पुढे, चाकणच्या अलीकडे ही वाडी. चहूबाजूंनी कंपन्या उठल्या, ज्वारीच्या रानात पत्र्याच्या शेड आल्या, ज्याला त्याला घरामागे भाड्याच्या खोल्या काढायची घाई झाली. माणसांची बोली बदलली, जेवण बदललं. बदललं नाही ते एकच. खंडोबापुढे बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेऊन माणूस जे बोलला, ते त्याने पाळायचं. भंडारा म्हणजे तशी हळदच, पण देवाच्या पायावर वाहिलेली. ती उचलून दिलेला शब्द मोडला तर घर बसतं, असं धामणवाडी मानत होती. दारू पिणारे मानत होते, खून पचवलेला एक होता, तोही मानत होता.

हे प्रितमला पुरतं ठाऊक होतं.

प्रितम सरपंचकीला उभा होता. त्याचे धंदे तीन: कंपन्यांना ठेक्यावर माणसं पुरवायची, कंपन्यांचं भंगार उचलायचं आणि कंपन्यांचं घाण पाणी टँकरने न्यायचं. ते पाणी लांबच्या शुद्धीकरण केंद्रावर नेऊन ओतावं असा करार होता. पण लांब जायचं म्हणजे डिझेल जळतं. म्हणून त्याचे टँकर स्मशानाच्या वळणावर थांबत आणि भर दुपारी, कुणाची भीडभाड न ठेवता, ओढ्यात नळी सोडत. ओढ्याच्या काठाला गावाची विहीर. दोन वर्षांत विहिरीच्या पाण्याला गंजल्या लोखंडाचा वास यायला लागला. सयाजीच्या बायकोच्या, रुक्मिणीबाईच्या हातांची सालं निघत होती. डॉक्टरने मलम दिलं आणि म्हणाला, "आजी, पाणी बदला." जसं काही पाणी म्हणजे लुगडंच.

प्रितमविरुद्ध दोघं उभे होते. एक उद्धवराव, जमिनींचा दलाल. पैशाला तोही कमी नव्हता. दुसरी विजयश्री. ही बीडकडची. नवऱ्यामागे इकडे आली, कंपनीत लाईनवर उभी राहून पार्ट जोडले, आता खोल्यांमधल्या बायकांचा बचतगट चालवायची. तिच्याकडे ना गाडी, ना बॅनर. ती दारोदार एकच बोलायची, "मला निवडून द्या, टँकर बंद करते. दुसरं काही मला जमेल का, ते सांगत नाही."

सयाजीला तिचं हे बोलणं आवडलं होतं. ही बाई निवडून आली तरच विहीर वाचेल, एवढं त्याच्या मनाने घेतलं होतं.

मतदानाला आठवडा उरला असताना प्रितम देवळात आला. बाहेर बूट काढले, घंटा वाजवली, पाया पडला.

"नाना, रविवारी ताट धरायचं."

"कसलं ताट?"

"आता कसलं म्हंजे! भंडाऱ्याचं. पाकीट मी देनार, भंडारा तुमी. आमचं काम आमी करू, देवाचं देवानं करायचं."

"देवाला ह्यात नको वढू, प्रितम."

"मी कुठं वढतोय? देवच म्हनतोय, माझा मंडप पडाय आलाय म्हून. निवडून आलो की पहिला मंडप." बूट घालता घालता तो थांबला. "नवनाथ जातोय ना येळेवर कामाला? कंपनी म्हनती पोरं कमी करा. मी म्हनलं, गुरवाचं पोर न्हाई कमी व्हायचं. आपलं हाय ते."

नवनाथ म्हणजे सयाजीचा मुलगा, प्रितमच्याच ठेक्यावर. बोलणं एवढ्यावर मिटलं.

घरी रुक्मिणीबाई म्हणाली, "धरा ताट. पोराची रोजी हाय. पर मी न्हाई उचलनार. माझं मत विजयश्रीला हाय, देवाला साक्षी ठिवून दुसऱ्याचं नाव कसं घेऊ? नको ती शपथ आन् नको ते पाकीट."

सयाजी दोन दिवस जेवला नाही धड. तिसऱ्या दिवशी चाकणच्या बाजारात गेला आणि ओळखीची दुकानं टाळून एका मारवाड्याकडून हळदीची पुडी घेतली. रविवारी पहाटे त्याने देवाजवळचा पितळी डबा आत फडताळात ठेवला आणि पुडी ताटात उलटी केली. देवाच्या पायाला ती लावलीच नाही. हात जोडून म्हणाला, "देवा, ही तुझी न्हाई. हिच्यावर कुनी काय बोललं तर ऐकू नगंस."

त्याचा हिशोब सरळ होता. माणसं पैसे घेतील, शपथ घेतील, पण शपथ लागणार नाही. मग आपण एकेकाला हळूच सांगायचं, की बाबा, तू मोकळा आहेस, मनाला येईल त्याला मत दे. माणूस मनाने वाईट नसतो, शपथेत अडकतो. गाठ सोडली की तो आपसूक विहिरीकडे वळेल.

रविवारी रांग लागली. प्रितमची माणसं बाजूला टेबल टाकून बसली होती. पाकीट घ्यायचं, चार पावलं पुढे यायचं, सयाजीपुढे तळहात धरायचा. "येळकोट येळकोट जय मल्हार, मत प्रितमला." कुणी मोठ्याने म्हणत होतं, कुणी खाली बघून. बबनराव आला तेव्हा सयाजीचा हात अडखळला. बबनराव त्याचा लहानपणचा सोबती, आता दोन मजली चाळीचा मालक. त्याचे भाडेकरू त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. बबनरावाने तळहात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

"काय रं, धरतोस का न्हाई?" सयाजी पुटपुटला.

"टाक गपचिप," बबनराव म्हणाला.

खोल्यांमधल्या पुष्कळ बायका मात्र आल्याच नाहीत. शपथ नको म्हणून पाकीट नको, असं त्यांनी प्रितमच्या माणसांना तोंडावर सांगितलं. उद्धवरावाचा तर इलाजच खुंटला. त्याचे पैसे कपाटात पडून राहिले. भंडारा उचललेल्या गावाला तो काय देणार आणि कोण घेणार!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बबनराव देवळाच्या पायरीवर येऊन बसला. सयाजीने त्याला सगळं सांगितलं. बबनराव आधी हसला, मग त्याने सयाजीचा हात घट्ट धरला.

"खंडोबाची आन घिऊन सांग."

"खंडोबाची आन. हळद चाकणच्या बाजारची."

"म्हंजे मी मोकळा?"

"मोकळा. आता इहिरीकडं बघून मत दे."

"लई उपकार झालं गड्या, लई उपकार," बबनराव म्हणाला आणि तरण्या पोरासारखा पायऱ्या उतरून गेला. सयाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, केवढं ओझं होतं बिचाऱ्याच्या छातीवर!

मग त्याने आणखी चौघा-पाचजणांना सांगितलं. प्रत्येकाने अशीच मान डोलावली, असाच हात धरला. मग सांगायची गरजच उरली नाही. बातमी तुटक्या पाईपातल्या पाण्यासारखी आपली आपण पसरली.

मंगळवारी उद्धवरावाच्या शेतावर मटणाची पंगत बसली. पहिल्या ओळीत बबनराव होता. उद्धवरावाचं कपाट उघडलं होतं. ज्यांनी प्रितमकडून घेतलं होतं, त्यांनी आता इकडूनही घेतलं. परत जाताना एकजण देवळापुढे थांबून ओरडला, "नाना, तुमच्या हळदीला लई चव हाय बरं का!" मागचे खदाखदा हसले.

सयाजी चुलीपुढे येऊन बसला. मनाला म्हणाला, असू दे. दोघांचे घेऊन मत तिला टाकतील. पैसे घेतले म्हणजे मन विकलं असं थोडंच आहे.

बुधवारी सकाळी विजयश्री देवळात आली. पाया पडली नाही. सभामंडपाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"मामा, हळद बदलली म्हणतेत ते खरं हाय का?"

"खरं हाय पोरी. तुज्यासाठीच केलं."

"मला एकदा इचारलं असतं तर बरं झालं असतं."

"का? त्यांची शपथ सुटली की."

"त्यांची सुटली मामा, पण माझ्या बायांची भीतीबी सुटली की." तिचा आवाज चढला नव्हता. दमलेल्या माणसाचा असतो तसा होता. "त्या पैशाला न्हाई म्हनत नव्हत्या. गरिबाला कोन न्हाई म्हनतंय? शपथेला भिऊन न्हाई म्हनत होत्या. आता शपथच खोटी म्हनल्यावर घ्यायला काय हरकत? कालपासून लाईन लावून पाकिटं घ्यायल्यात. दोघांचीबी. जी बाई माझ्यासंगं दारोदार हिंडत होती ना, तीबी घेऊन आली. मला म्हनती, ताई, राग मानू नको, लेकराची फी भरायचीय."

"पर मत तर तुलाच देतील ना?"

विजयश्रीने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने मान खाली घातली.

"मामा, खऱ्या हळदीनं ती मतं माझी ठेवली होती," ती म्हणाली. "चला, येते. कुरुळीच्या खोल्यांमधल्या दोघीतिघींची मतं आपल्या यादीत हायेत, त्यांना भेटून येते." आणि चपला घालून ती उन्हात निघाली.

त्या संध्याकाळी सयाजीने फडताळातला खरा भंडारा काढून देवापुढे ठेवला. गावात हिंडून सांगावं, परत या, खरी शपथ घ्या, असं एकदा वाटलं. पण कशाची शपथ घालणार? पैसे घेऊ नका म्हणून? बाजारची हळद की देवाची, हे आता कोण ओळखणार होतं? ताट त्यानेच धरलं होतं.

प्रितम मतदानाच्या आदल्या दिवशी आला. आता शिव्या खाव्या लागणार, नवनाथची नोकरी जाणार, असं सयाजीने धरलंच होतं. पण प्रितम पायरीवर ऐसपैस बसला आणि बिसलरीची बाटली तोंडाला लावली.

"नाना, महागात पाडलंत की राव मला. गावाला दुसऱ्यांदा द्यावं लागलं."

सयाजी पायरीवरचा बेलाचा पाला गोळा करायला लागला.

"पर एक सांगू? बरंच केलंत. मी उगंच देवाला घाबरत होतो. माझीबी आई म्हनायची, भंडाऱ्याचा खेळ करू नको. आता त्याची गरजच न्हाई. जो जास्त देईल तो. सरळ यवहार." तो उठला, सयाजीच्या पाया पडला. "नवनाथची काळजी नका करू. तुमच्यावर आपला राग न्हाई."

राग असता तर सयाजीला बरं वाटलं असतं.

मतमोजणी राजगुरुनगरला झाली. सयाजी गेला नाही. दुपारी फटाके वाजले, मग जेसीबीच्या तोंडातून गुलाल उधळत मिरवणूक आली, त्यावरून त्याला कळलं. प्रितम पहिला, उद्धवराव थोडक्यात दुसरा. विजयश्रीचं डिपॉझिट गेलं. मिरवणुकीत बबनराव नाचत होता, कपाळभर गुलाल, गळ्यात प्रितमचा रुमाल. देवळापुढे मिरवणूक थांबली तेव्हा गावाने भंडारा मागितला. सयाजीने डबा उघडला. कुणी विचारलं नाही कुठली हळद म्हणून. त्यांनी ती मुठीमुठीने एकमेकांवर उधळली, आणि स्मशानाच्या वळणाकडून प्रितमचा टँकर हॉर्न वाजवत मिरवणुकीत सामील झाला.

घरी आला तेव्हा रुक्मिणीबाई तांदूळ निवडत होती.

"पडली विजयश्री," तो म्हणाला.

"ऐकलं."

"आपल्या घरातनं किती मतं पडली असतील तिला? तुजं एक, माजं एक..."

रुक्मिणीबाईचा हात सुपात थांबला.

"माजं न्हाई पडलं."

सयाजीला आधी कळलंच नाही.

"म्या प्रितमला दिलं. दोनदा आलं त्याचं मानूस, दुसऱ्यांदा घेतलं म्या. तुमीच म्हनलात ना, हळद खोटी हाय, पाप लागत न्हाई."

"अगं, पर मत तरी..."

"मत तरी काय?" तिने मान वर केली. "पैसं त्याचं घ्यायचं आन् मत दुसऱ्याला टाकायचं? त्या बबनरावासारखी दोन्हीकडनं खानारी मी न्हाई. एकाचं घेतलं, त्यालाच दिलं. शपथ नसली म्हून काय झालं, बेइमानी न्हाई केली म्या."

तिने हे अगदी सरळ मनाने सांगितलं. तिच्यावर रागावायचं तर कुठल्या तोंडाने? गावात त्या दिवशी इमानाने मत दिलेली ती एकटीच असावी.

"आन् इहीर?" शेवटी त्याने विचारलं.

"इहीर काय तिला निवडून दिल्यानं गोड व्हनार व्हती का? म्या पानी साफ करायच्या मशिनीचा इसार देऊन आलेय चाकणला. बाकीचं नवनाथ हप्त्यानं भरल. उद्या मानूस येतोय बसवायला." तिने सूप पाखडलं. "त्या भिंतीवरचा देवाचा फोटू काढून ठिवा जरा. त्याला खिळं मारायला जागा लागंल."

सयाजीने स्टूल ओढलं आणि तो भिंत मोकळी करायला लागला.