कानशिलावरची चांदी

“सकाळपासून काही खाल्लं का हिनं?” शितल सिस्टरनं तिसऱ्यांदा विचारलं.

“न्हाई जी. कायबी न्हाई,” पारुबाई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या समजुतीप्रमाणं दिपाच्या पोटात खरंच काही गेलेलं नव्हतं.

“परसाद खाल्ला ना, दादी,” स्ट्रेचरवर बसलेली सात वर्षांची दिपा म्हणाली. “दोनदा.”

सिस्टरनं कपाळाला हात लावला. पारुबाईला कळेना की एवढं काय बिघडलं. तांड्यावरून निघताना तिच्या नवऱ्यानं, देवलानं, सेवालाल महाराजांपुढं भोग लावून लापशीचा डबा बरोबर दिला होता. उपासालासुद्धा प्रसाद चालतो, मग दवाखान्याला का चालू नये? पोरीनं आणखी मागितली, आणि प्रसादाला नाही कसं म्हणायचं, म्हणून आणखी दिली.

भुलीचे डॉक्टर आले. ते रागावले नाहीत, पण भूलही देईनात. पोटात अन्न असताना भूल दिली, उलटी झाली आणि ती छातीत गेली तर लेकराच्या जिवावर बेतेल, म्हणाले. एमआरआयच्या मशीनची पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची होती.

आणि पंधरा दिवस थांबण्यासारखं दुखणं नव्हतंच. दिपाचा उजवा गुडघा दिवाळीपासून सुजला होता. आधी सगळ्यांना वाटलं, पडली असेल कुठं. हळद लावली, चोळून घेतलं, हिंगोलीला दाखवलं. तिथून त्यांना नांदेडच्या ह्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. सुईनं काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला आणि कॅन्सर हा शब्द पारुबाईनं पहिल्यांदा आपल्या घरातल्या माणसाबद्दल ऐकला. गाठ हाडात कुठवर गेलीय आणि पाय ठेवता येईल का, ते आजच्या फोटोवर ठरणार होतं. पोरीचे आईबाप, प्रेमदास आणि मिना, ऊसतोडीला सांगलीकडं होते. दिपा वर्षातले सहा महिने आजीच्याच कुशीत झोपायची.

“माझ्या हातानं केलं म्या,” पारुबाई भिंतीला टेकून खाली बसली. “माझ्याच हातानं.”

मशीनवरचा हरीश तिच्याकडं बघत होता. “मावशी, भुलीशिवाय करून बघू,” तो म्हणाला. “गुडघ्याचा फोटो आहे, डोकं बाहेरच राहतं. मशीन लई आवाज करतं, पोरं घाबरतात. तुम्ही उशाशी बसा. अर्धा-पाऊण तास हलली नाही, म्हणजे झालं. फक्त अंगावर धातूचं काहीही चालायचं नाही.”

पारुबाई ताडकन उठली. आरशांची, नाण्यांची कांचळी उतरवून तिनं दवाखान्याचा हिरवा झगा घातला. नथ काढली, गळ्यातली हासळी काढली. मग शितल सिस्टरनं तिच्या कानशिलांकडं बोट दाखवलं.

“हे पण, मावशी.”

पारुबाईचा हात तसाच राहिला. दोन्ही कानशिलांवरच्या केसांत चांदीची टोपली गुंफलेली, तिच्याखाली घुगऱ्या, मान हलली की गालाशी वाजणाऱ्या. आताच्या सुना मंगळसूत्र घालतात, मिनाही घालते. पण पारुबाईच्या पिढीच्या बाईचा नवरा जिवंत आहे हे तांड्याला ह्या टोपलीवरून कळायचं. ती उतरायची ती नवऱ्याच्या मयतीच्या दिवशीच. लग्न झाल्यापासून पारुबाई डोकं धुतानासुद्धा आधी एक बाजू सोडायची, धुऊन बांधायची आणि मगच दुसरीला हात लावायची. दोन्ही कानशिलं एकदम उघडी तिची तिनंच कधी पाहिली नव्हती.

“बाई, ह्ये न्हाई निघत.”

“अवघड आहे का? मी कापून देते दोरा.”

“दोऱ्याचं न्हाई वो बाई.” तिनं दोन्ही हातांनी कानशिलं झाकली. “माझं माणूस हाय जित्तं.”

सिस्टरला काय ते समजलं असावं. तिनं कात्री मागं घेतली आणि विचारलं, “त्यांना फोन लावून देऊ का?”

देवला फोनवर नेहमी ओरडूनच बोलायचा, नांदेड लांब आहे म्हणून. पारुबाईनं रडत रडत सगळं सांगितलं, प्रसादाचंसुद्धा. तिकडून शेळ्यांचा आवाज येत होता.

“आवं, आयकून राहिले का? काढू का नको?”

“काढ,” देवला म्हणाला. पहिल्यांदाच हळू बोलला. “मला काय व्हतंय? व्हायचं आसंल तं हूं दे. पोरीपाशी बस तू.”

सिस्टरनं दोरे कापले. वर्षानुवर्षांच्या तेलानं ते चिवट झाले होते, थोडे केसही त्यांच्याबरोबर आले. पारुबाईनं ती चांदी ओढणीच्या पदरात बांधली, ओढणी सिस्टरच्या स्वाधीन केली आणि थंडगार खोलीत शिरली.

दिपा तिच्याकडं बघतच राहिली. “दादी, तू वाजत काहून न्हाईस?”

तान्ही असल्यापासून पोरगी त्या आवाजावर झोपलेली. पारुबाई तिच्या तोंडापाशी वाकली आणि जिभेनं वाजवू लागली, छुन छुन, छुन छुन. दिपाला हसू आलं. “हसायचं न्हाई, हालायचं न्हाई. निस्तं माझ्याकडं बघ.”

मशीन सुरू झालं. पत्र्यावर हातोडे पडावेत तसा आवाज. त्यात पारुबाईला स्वतःचं छुन छुनही ऐकू येईना, पण ती थांबली नाही. दिपा तिच्या ओठांकडं एकटक बघत पडून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, कानापर्यंत ओघळलं, तरी ते लेकरू हललं नाही.

फोटो एकदम स्वच्छ आला, हरीश म्हणाला. पारुबाईच्या जिवात जीव आला. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. त्यांनीही आधी तेच सांगितलं, फोटो चांगला आला. मग सांगितलं की गाठ गुडघ्यामागच्या रक्ताच्या नळीभोवती पसरलीय. आधी औषधं चढवायची, मग मांडीपासून पाय काढायचा. जीव वाचवायचा तर दुसरा रस्ता नाही. आईवडिलांना बोलवा, सोमवारी भरती करू.

तिनं देवलाला फोन केला. “पाय ऱ्हात न्हाई म्हणत्यात,” एवढंच तिला बोलता आलं. कानशिलांची आठवण तिला रात्रभर झाली नाही.

ती झाली दुसऱ्या दिवशी, बसमध्ये. हिंगोलीला शेजारच्या तांड्यावरची रुक्माबाई चढली. पारुबाईच्या डोक्यावरची ओढणी वाऱ्यानं सरकली होती. रुक्माबाईनं एकदा पाहिलं, हातातली पिशवी टाकली आणि पारुबाईच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडू लागली.

“कवा गेला गं माझा देवलाभाऊ! सांगावा बी न्हाई आला!”

“जित्ता हाय, रुक्मा. जित्ता हाय,” पारुबाई सांगत होती. पण सांगता सांगता तिलाही रडू फुटलं, आणि ते पाहून रुक्माबाईची खात्रीच पटली. सगळी बस वळून बघू लागली. दिपा तेवढी बसल्या जागी झोपलेली होती. पारुबाईनं तिचा पाय मांडीवर सरळ धरला होता.

कनेरगाव नाका आला. देवला आजवर कधी बायकोला न्यायला आलेला नव्हता. बाजाराला गेले तरी हा गडी दहा पावलं पुढं आणि पारुबाई मागून, ह्यावरून तांड्यानं त्यांची थट्टा कमी केली नव्हती. आज तो बस थांबते तिथं उन्हात ताठ उभा होता. प्रेमदासच्या लग्नातला लाल पटका त्यानं बांधला होता. धोतरही धुतलेलं.

“राम राम, रुक्माबाई!” खिडकीकडं बघून तो ओरडला. हॉटेलातल्या माणसांनाही ऐकू जाईल असा. “राम राम! बरी हायेस न्हवं?”

रुक्माबाईनं तोंडावर पदर घेतला. पारुबाईला समजलं की हा पटका कुणासाठी बांधलाय. चारचौघांत तिला कुणी काही विचारू नये म्हणून म्हातारा सकाळपासून नाक्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम घालत होता.

त्यानं तिच्या कानशिलांकडं पाहिलं. दिपाला दोन्ही हातांवर आडवं घेतलं, दुखरा पाय जपून, आणि सवयीनं पुढं निघाला. मग थांबला. पारुबाई बरोबरीला येईपर्यंत उभा राहिला.

तांड्याच्या वाटेवर दिपाच्या उजव्या पायातली चप्पल गळून पडली. देवला पुन्हा थांबला. पारुबाईनं ती उचलली, ओढणीच्या पदरानं तिच्यावरची धूळ पुसली. पदराच्या गाठीत चांदी वाजली.

“दादी, वाजलीस बघ,” दिपा म्हणाली.

“व्हय गं माय,” पारुबाई म्हणाली. तिनं पोरीचं पाऊल हातात घेतलं, त्यात चप्पल घातली आणि पट्टा नीट लावून दिला.