घड्याळाच्या जागी आलेला मीटर

मित्रांनो, मी आज खरोखरच जुना आहे. पण गंमत अशी की जन्मलो तेव्हाही मी जुनाच दिसत होतो. एका लहानशा कारखान्यात मला मुद्दाम तसं घडवलं होतं. काळी तबकडी, त्यावर सायीच्या रंगाचे आकडे, बारीक काटा आणि भोवती चकचकीत कडं. पोटातली यंत्रणा मात्र अगदी नवी. जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डवर उपरे वाटू नये, म्हणून आम्हा सगळ्या भावंडांना असं जन्मतःच पोक्त करून ठेवलं होतं.

मी आरपीएम मीटर. गाडी किती वेगाने पळते ते मी सांगत नाही, ते काम शेजारच्याचं. मी सांगतो इंजिन किती जोरात फिरतंय ते. इंजिन धापा टाकू लागलं की वरचा गिअर टाकावा, रेंगाळू लागलं की खालचा, हे चालवणाऱ्याला माझ्याकडे पाहून कळतं. ज्यांना ते नुसत्या कानाने कळतं त्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही. सिस्टरांचंही कधी अडलं नव्हतं.

सिस्टर म्हणजे बाळंतपणासाठी घरोघर जाणाऱ्या नर्स. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. त्यांची छोटी हिरवी गाडी त्यांच्याबरोबरच म्हातारी झाली होती. गाडी चालवताना त्या डॅशबोर्डकडे फारसं बघतच नसत. इंजिनाचा सूर चढला की त्यांचा हात आपोआप गिअरवर जाई. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. गल्ली त्यांना काका म्हणे. काकांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छाही नव्हती. बायको इतकी छान चालवत असताना उगाच कशाला मध्ये लुडबुडा, असं ते म्हणत.

पुढचं सगळं मी यायच्या आधीचं आहे. मला ते गाडीतच कळलं. गाडीत बसली की माणसं फार बोलतात.

सिस्टरांना कमी ऐकू येऊ लागलं. कानात यंत्र बसवलं. त्यातून हॉर्न ऐकू येत, समोरच्याचं बोलणं ऐकू येई, गाडी चालवायला डॉक्टरांचीही ना नव्हती. पण इंजिनाचा सूर काही केल्या वेगळा काढता येईना. वारा, चाकं, काचा, इंजिन, सगळ्यांचा मिळून एकच गोंगाट. एके दिवशी अख्खा बाजाररस्ता त्यांनी दुसऱ्या गिअरमध्येच पार केला. बॉनेटखालून वाफ यायला लागली तेव्हा ट्रॅफिक पोलिसाने हळूच काच वाजवली आणि अगदी अदबीने गिअरबद्दल सांगितलं. तो ओरडला असता तर चाललं असतं, असं सिस्टर नंतर म्हणाल्या. त्याची अदबच जिव्हारी लागली.

घरी येऊन त्यांनी गाडीची किल्ली स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात टाकली. मुलीने फोनवर काकांना सांगितलं, गाडी आता विकून टाका. काका हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

खरी अडचण ताईंची होती. ताई म्हणजे सिस्टरांची थोरली बहीण. टेकडीवरच्या घरात त्या अंथरुणाला खिळून होत्या. सांभाळायला एक बाई होती, पण दर रविवारी ताईंना न्हाऊ घालायचं आणि त्यांचे केस विंचरायचे, ते सिस्टरांनीच. दुसऱ्या कोणाचा हात ताईंना चालत नसे. गाडी बंद झाल्यावर सिस्टर बसने जाऊ लागल्या. दोन बस बदलायच्या, पुढे चढ पायी चढायचा, आणि पोहोचेपर्यंत परतीच्या बसची वेळ व्हायची. एक कप चहा आणि टाटा. ताईंच्या केसांच्या जटा व्हायला लागल्या.

काका गॅरेजवाल्याकडे जाऊन बसले. तो त्यांचा जुना दोस्त. काकांनी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला की शर्यतीतले ड्रायव्हर कानात बोळे घालून चालवतात. ते इंजिन ऐकत बसत नाहीत, काटा बघतात. काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. घड्याळजी माणूस, काट्यांवर त्यांचा विश्वास आधीपासूनच. काही दिवसांत मी खोक्यातून त्यांच्या टेबलावर येऊन पोहोचलो.

सिस्टरांनी मला उलटसुलट करून पाहिलं. मी त्यांना आवडलो, हे मला त्यांच्या बोटांवरून कळलं. पण त्यांनी एकच अट घातली.

"माझ्या गाडीच्या लाकडाला भोक पाडायचं नाही."

डॅशबोर्ड मूळच्या लाकडाचा होता, आणि त्यात मोकळी जागा नव्हती. एका टोकाला घड्याळ होतं. गाडीबरोबरच आलेलं, काकांनी दरवर्षी उघडून, पुसून, तेल घालून चालू ठेवलेलं. कित्येक बाळंतपणांना धावत निघताना सिस्टरांनी त्यात वेळ पाहिली होती. काका त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग ते स्वतःच्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाले, "वेळ विचारायला मी शेजारी आहेच की." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने ते घड्याळ बाहेर काढलं. माझा आकार नेमका त्या खाचेएवढा होता.

मला बसवताना काका डोळ्याला भिंग लावून डॅशबोर्डखाली उताणे शिरले होते. पाय दाराबाहेर. गॅरेजवाला हसून हसून बेजार झाला. एक तार किल्लीच्या स्विचला, एक इंजिनाच्या ठिणगी देणाऱ्या कॉइलला, एक गाडीच्या पत्र्याला आणि एक माझ्या छोट्या दिव्याला. किल्ली फिरवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा काटा उठला. तो आनंद मला अजून आठवतो.

पण पहिल्याच फेरीत माझी फजिती झाली. काटा अमुक आकड्यावर आला की गिअर बदल, असं काकांनी पक्कं ठरवून दिलं होतं. सिस्टर निघाल्या. काटा त्या आकड्यापर्यंत पोहोचायच्या आधीच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हा खोटं सांगतोय," त्या म्हणाल्या. "इंजिन किंचाळतंय. माझ्या तळपायाला कळतंय."

काकांना ते पटेना. मीटर कोरा करकरीत, तारा नीट जोडलेल्या, काटा थरथरतही नाही. मग तो चुकेल कसा? तुला ऐकू येत नाही म्हणून तुला उगाच शंका येते, असं काहीसं त्यांच्या तोंडून निघून गेलं. ते वाक्य मात्र सिस्टरांना स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी गाडी वळवली. किल्ली पुन्हा चमच्यांच्या खणात गेली.

मित्रांनो, मला जे कळत होतं तेच मी दाखवत होतो. तरी परतीच्या वाटेवरचा अबोला मला सोसवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एकटेच आले. त्यांनी मला खाचेतून अलगद बाहेर ओढलं आणि भिंगाखाली माझी पाठ तपासली. पाठीवर एक बारीकसा स्विच होता. इंजिनात किती सिलिंडर आहेत, चार, सहा की आठ, ते त्यावर ठरवायचं असतं. कारखान्यातून तो सहावर लावून आला होता. हिरव्या गाडीचं इंजिन चारचं. म्हणजे इंजिन जितकं फिरत होतं त्यापेक्षा मी कितीतरी कमी दाखवत होतो, आणि सिस्टरांचे तळपाय खरं बोलत होते.

काकांनी स्विच चारवर आणला. मला परत बसवायच्या आधी ते तसेच घरात गेले. स्वयंपाकघराची खिडकी अंगणात उघडते आणि मी सीटवर ठेवलेला होतो, म्हणून मला दिसलं. सिस्टर ओट्यापाशी होत्या. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, ओठ दिसावेत असे, आणि सावकाश म्हणाले, "तुझे पाय बरोबर होते. माझे डोळे चुकले."

सिस्टर म्हणाल्या, "अहो, मग आता उभे काय राहिलात? किल्ली द्या ती."

त्या रविवारी आम्ही टेकडी चढलो. काका शेजारी दोन्ही हातांनी सीटची कड धरून बसले होते. सिस्टर एकदा रस्त्याकडे बघत, क्षणभर माझ्याकडे, पुन्हा रस्त्याकडे. पहिल्या मोठ्या वळणावर माझा काटा खाली घसरायला लागला. त्यांनी खालचा गिअर टाकला. गाडीने मान उचलली आणि चढ घेतला. वर पोहोचेपर्यंत माझं आणि त्यांच्या तळपायांचं एकदाही भांडण झालं नाही.

ताईंचे केस धुऊन, जटा सोडवून, वेणी घालून झाल्यावर सिस्टरांनी त्यांना मला दाखवायचं ठरवलं. ताईंना काही बाहेर आणता येईना, म्हणून गाडीच अंगणात खिडकीशी आणून लावली. ताईंचे कान शेवटपर्यंत तिखट होते. त्या बहिणीचा हात धरून मोठ्याने, सावकाश म्हणाल्या, "खालच्या वळणापासून ऐकत होते मी. एकदाही अडखळली नाहीस."

यापेक्षा मोठी शाबासकी मला कधी मिळाली नाही. पेट्रोल पंपावर लोक वाकून बघत आणि मी मूळचाच असेन असं म्हणत, तेव्हाही मी सुखावत असे. पण ते कौतुक चेहऱ्याचं होतं.

किती रविवार गेले, मी मोजले नाहीत. मग एके वर्षी ताई गेल्या, आणि तो रस्ताच संपला. सिस्टरांना दुसरीकडे कुठे जावंसं वाटेना. गाडीवर कापड पडलं. अंधारात, ओलीत मी नुसता बसून राहिलो. माझ्या काचेला आतून बुरशी धरली, कडं काळवंडलं. मला वाटलं, आपलं झालं.

मग एका सकाळी कापड निघालं. मुलीला यायचं होतं आणि तिला स्टेशनवरून आणायचं होतं. सिस्टरांनी रुमालाने माझी काच पुसली, पण बुरशी आतून होती. मला उघडायलाच हवं होतं. काकांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, आणि मी पाहिलं, त्यांचा हात थरथरत होता. ज्या हातांनी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या, त्यांना आता एक स्क्रू सापडत नव्हता.

सिस्टरांनी स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातातून घेतला. काका सांगू लागले, त्या करू लागल्या. एक सूचना त्यांना ऐकू आली नाही. त्यांनी मान वर केली. काकांनी चेहरा त्यांच्याकडे केला आणि तीच सूचना पुन्हा सांगितली. पुन्हा कळली नाही. काकांनी तिसऱ्यांदा सांगितली, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. काच निघाली, स्वच्छ झाली, परत बसली. माझ्या पोटातला एकही भाग दुखावला नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, तेल द्या, अंधारात टाकून देऊ नका, असं मी सांगणारच. पण त्याआधी एक मागणं आहे. तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येत असेल आणि ते विचारतील, "काय म्हणालास?", तर "काही नाही, जाऊ दे" असं म्हणू नका. त्यांच्यासमोर जा, आणि जे म्हणाला होतात ते पुन्हा सांगा.