बॅटरी गेलीये

सरलाकाकूंच्या घरचा पाहुणा कधी चालत कुठे गेलाय, असं शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये कुणाला आठवत नव्हतं. बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला आलेल्या डॉ. एस्तर आकेलोलाही त्यांनी पहिल्याच सकाळी गाडीत बसवलं. स्टेशन फार लांब नव्हतं. पण परमुलखातून एकट्या आलेल्या मुलीला पायी धाडायचं, तर मग आपण काकू कसल्या? रात्रीचं जेवणही वरच. तूप वाढताना एस्तरचा हात आडवा आला, की काकू तो सरळ बाजूला करत.

एस्तर युगांडातल्या खेड्यातली. तिथली माणसं शेतात राबतात, पाण्याला आणि बाजाराला पायी जातात, त्याचा त्यांच्या रक्तातल्या साखरेवर काय परिणाम होतो, हा तिचा अभ्यास. त्यासाठीच ती पुढच्या मेपर्यंत म्हणून शिकागोच्या एका विद्यापीठात आली होती. तिची सत्तरीतली आई अजून नाचणीच्या शेतात कुदळ चालवते, हे ऐकून काकू नुसत्या "बिचारी" म्हणाल्या होत्या.

डिसेंबरात एस्तरने स्वतःची तपासणी केली. साखर वाढली होती. वसंतापर्यंत उतरली नाही तर गोळ्या सुरू करू, असं डॉक्टरांनी बजावलं. जेवताना ती हे हसत सांगत होती, पण घास हातातच राहिला होता. दोघी बोलत इंग्रजीत, 'काकू' एवढं मात्र तिने उचललं होतं.

"आमच्या घरात आजवर कुणालाच नव्हती, काकू. इथे आल्यापासून मी पाय वापरलेच नाहीत."

काकूंना ते फार लागलं. लाड आपण केले आणि दुखणं पोरीच्या वाट्याला आलं. तरी पाहुणीला "उद्यापासून चालत जा" म्हणायला त्यांची जीभ रेटेना. सकाळी त्या एवढंच म्हणाल्या, "सॉरी एस्तर, गाडीची बॅटरी गेलीये."

एस्तरने एकदा गॅरेजकडे पाहिलं आणि बूट चढवले.

पंचाईत झाली ती जगन्नाथकाकांची. "बॅटरी गेली म्हणून सांगून बसलीस. आता ग्रोसरीला कसं जायचं?"

"चालत. तिने आपल्याला ड्राइव्ह करताना पाहिलं, तर माझी काय शोभा राहील?"

काकांना साखरेच्या गोळ्या आधीपासूनच होत्या आणि चाला म्हणून सांगून डॉक्टर थकले होते. ते बर्फातून कुरकुरत, धापा टाकत बायकोमागे निघाले. हिवाळाभर गाडीला कुणी हात लावला नाही.

एप्रिलमध्ये एस्तरची साखर जागेवर आली. काकूंनी त्या रात्री शिरा केला आणि वाटीत अगदी चमचाभरच वाढला.

मे महिन्यात ती परत निघाली. एअरपोर्टला तरी आपणच सोडायचं, असं म्हणत काकूंनी किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याला त्यांनी दारातूनच निरोप दिला नव्हता.

"ट्रेन आहे ना," एस्तर म्हणाली. "स्टेशनपर्यंत चालू या."

तिघं निघाले. काका बॅग ओढत पार पुढे गेले होते आणि तिथून "चला, ट्रेन येईल" म्हणून दोघींना घाई करत होते. त्यांना धाप लागलेली नव्हती. ते काकूंच्या आत्ता लक्षात आलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

एस्तरने त्यांचा हात धरला. "काकू, बॅटरी खरंच गेलीये?"

"आज खरंच," काकू म्हणाल्या.