उसवलेले टाके

औषधांच्या कारखान्यात मिखालचा तो पहिलाच आठवडा होता. वडिलांच्या सुतकाचे सात दिवस पाळून ती पनवेलहून कामावर येऊ लागली होती, पण इथे कोणाशी त्याबद्दल बोलली नव्हती. पाळी संपल्यावर कपडे बदलायला तिने खुंटीवरचा कुर्ता काढला, तर गळ्याजवळ फाटलेला भाग कोणीतरी सुबक शिवून ठेवला होता.

"मीच शिवला जेवणाच्या सुट्टीत," तिच्याच पाळीतल्या आशालताबाई म्हणाल्या. "लाजू नकोस गं. नवीन असताना आमचंही असंच होतं. पगार झाला की घे छानसा."

बाकीच्या जणी मायेने हसल्या. मिखाल बाकावर बसली आणि नखाने टाके उसवू लागली.

"अगं, वेडी की काय?" आशालताबाईंनी विचारलं.

"बाबा गेले तेव्हा मी स्वतः फाडलाय हा. आम्हा बेने इस्रायली ज्यूंत तशी रीत आहे. महिनाभर शिवत नाहीत."

"मग वरून ओढणी तरी घे. गेटवर लोक बघतील."

"बघू देत."

आशालताबाईंनी पर्समधली छोटी कात्री पुढे केली. "नखाने कापड जाईल. ही घे."

शेवटचा दोरा निघाल्यावर मिखालने कुर्ता अंगात घातला आणि फाटका गळा तसाच ठेवून ती सगळ्यांच्या पुढे गेटकडे निघाली.