आंदण दिलेलं गाणं

आंदण दिलेल्यातलं काही मागे ठेवू नये, लेकीच्या संसारात उणं पडतं, असं मंदा नेहमी म्हणायची. तिच्या नवऱ्याने, गोपीनाथने, अठ्ठ्याहत्तर साली नेमकं तेच केलं. आशाला लग्नात रेकॉर्ड प्लेअर आणि घरातली लाडकी अभंगांची तबकडी दिली खरी. पण त्याआधी केबिन रोडवर जयकुमारच्या रेडिओच्या दुकानात जाऊन गुपचूप तिची कॅसेट काढून घेतली.

"रेकॉर्ड अपनी, कॅसेट अपनी, त्यात चोरी कसली?" जयकुमार म्हणाला होता. "पण रेकॉर्ड दुसऱ्याला दिली ना, तर कॅसेट पण द्यायची. एक दाम में दो घर, वो गलत है."

तरी गोपीनाथने कॅसेट ठेवलीच. मंदा भाजीला गेली की आवाज बारीक करून ऐकायचा, आणि मन खात राहायचं. स्वतःच्या पैशाचं गाणं चोरासारखं ऐकणारा साऱ्या भाईंदरात हा एकच शहाणा!

पाडवा तोंडावर आला आणि आशा वसईहून अचानक आली. डोळे सुजलेले. गोपीनाथला मंदाचं बोलणं आठवलं. पडलं उणं!

"तबकडी गेली, बाबा." सणाची म्हणून देवाची भांडी घासताना तिने तबकडीही धुतली आणि गच्चीत कुरडयांशेजारी वाळत घातली. दुपारपर्यंत तिचा पापड झाला. "सासूबाई रोज सकाळी तीच लावतात. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? दादरलाही विचारलं, मिळत नाहीये."

गोपीनाथने दाढीच्या सामानाच्या डब्यातून कॅसेट काढली आणि तिच्या हातात ठेवली. "तेच अभंग आहेत. मी चोरून ठेवले होते."

"अय्या! ह्यांच्याकडे टेप आहे!" आशा रडता रडता हसली. गोपीनाथला किती हलकं वाटलं! कॅसेट गेली, आणि तिच्याबरोबर मनातली टोचणीही. आता फक्त मंदाची बोलणी खायची होती.

"उद्याच्या उद्या जयकुमारकडे जा," मंदा म्हणाली. "ही द्यायच्या आधी आपल्याला एक काढून आणा."

"अगं, पण एका दामात दोन घरं..."

"लेकीचं घर दुसरं कधीपासून झालं?" मंदा म्हणाली. "आणि आवाज जरा मोठा ठेवत जा. भाजीची पिशवी घेऊन दाराबाहेर किती वेळ उभी राहू मी?"